एकाच मालावर जगणारी लाईन: कुळेच्या घाटातल्या मालगाडीचं पुढे काय?

गेल्या चतुर्थीत, एकाच घरात, गणपतीवर टांगलेल्या फळा-फुलांच्या एकाच माटोळीखाली बसून दोघांनी मला एकाच रेल्वेबद्दल दोन उलटे प्रश्न विचारले.

चांदरला राहणाऱ्या आतेबहिणीने विचारलं, "दुसरा रूळ पडला की कोळशाच्या गाड्या किती वाढतील रे?" तिच्या परसामागूनच ही एकेरी लाईन जाते, आणि तिला दुसरा रूळ जोडून ती दुपदरी करण्याचा प्रकल्प आहे. रात्रीची भरलेली मालगाडी गेली की खिडकीची तावदानं वाजतात. थोड्या वेळाने सावर्ड्याच्या काकांनी विचारलं, "मालगाड्या परत पहिल्यासारख्या धावतील काय?" खाणी बंद पडल्यावर त्यांना दोन ट्रक विकावे लागले होते. एकीला गाड्या वाढण्याची धास्ती, दुसऱ्याला त्या कायमच्या आटण्याची. मोदक खाता खाता देता येईल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून आता सवडीने लिहितो आहे.

आधी लाईन कुठली ते सांगतो, कारण बाहेरचे लोक गोव्याची रेल्वे म्हटलं की कोकण रेल्वे समजतात. ही त्याहून शंभरएक वर्षांनी जुनी. मुरगाव बंदरापासून वास्को, दाबोळी, सांकवाळ, कासावली, माजोर्डा, मडगाव, चांदर, सावर्डे, काले, कुळे. कुळेपासून घाट सुरू होतो. सोनावळी, दूधसागर, कारंझोळ करत गाडी कॅसल रॉकला पोचते, आणि तिथे कर्नाटक लागतं. पुढे लोंढा, हुबळी, होस्पेट. बंदरापासून होस्पेटपर्यंत साधारण साडेतीनशे किलोमीटर. चालवते दक्षिण पश्चिम रेल्वे, हुबळी विभाग. कोकण रेल्वेशी तिची गाठ मडगावला पडते, तेवढंच.

ही लाईन गोव्याच्या अंगणातून जाते, पण तिच्यावरचा मोठा माल गोव्याचा नाही. तो बंदरातून उतरतो आणि घाटापलीकडे जातो, किंवा घाटापलीकडून येतो आणि बंदरातून बाहेर जातो. आणि प्रत्येक काळात त्यात कुठल्या तरी एकाच जिनसेचं राज्य असतं. ती जिन्नस थांबली की लाईन ओस पडते आणि वाढली की गावं हैराण होतात. दोघांचे प्रश्न इथेच एकत्र येतात, आणि भवितव्य अनिश्चित आहे तेही याचमुळे.

सुरुवातही अशीच झाली. १८७८ साली पोर्तुगाल आणि ब्रिटन यांच्यात करार झाला. ब्रिटिशांना दख्खनचा माल समुद्रापर्यंत आणायला आणखी एक वाट मिळणार होती, पोर्तुगिजांना मुरगावचं बंदर आणि रेल्वे. बदल्यात गोव्याच्या मिठावरचा ताबा ब्रिटिशांकडे गेला. मिठागरं हा आपल्याकडचा किती मोठा धंदा होता हे आजी-आजोबांनी सांगितलेलं ज्यांना आठवतं, त्यांना या अटीचं वजन कळेल. करार बारा-तेरा वर्षांत संपला, पण रेल्वे राहिली. 'वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे' या कंपनीने १८८८पर्यंत मीटर गेजचे रूळ घाट चढवून सीमेपर्यंत नेले. कंपनीच्या भांडवलावर पोर्तुगीज सरकारने व्याजाची हमी दिली होती. अपेक्षेएवढा माल काही आला नाही, कारण दख्खनच्या व्यापाऱ्याला मुंबईची वाटही मोकळी होती. हमीचा बोजा सरकारी तिजोरीवर पडत राहिला. पहिल्या दिवसापासून या लाईनीचं नशीब घाटापलीकडच्या व्यापाऱ्याच्या मर्जीवर टांगलेलं आहे.

१९५५ साली भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि सीमेवरची रेल्वे वाहतूक थांबली. लाईन कुळेपाशी जणू तुटलीच. मुक्तीनंतर ती पुन्हा जुळली. १९९०च्या दशकात मीटर गेजचं ब्रॉड गेज झालं, आणि मग खरी मोठी मालवाहतूक सुरू झाली.

आता घाटाकडे वळू. बातम्यांमध्ये याबद्दल कुणी काही सांगत नाही, पण सगळं प्रकरण इथेच अडतं.

कुळे ते कॅसल रॉक हे अंतर जेमतेम २६ किलोमीटर. चढण मात्र १:३७ची. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. दुचाकीवाल्याला हा चढ जाणवणारही नाही, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालतं आणि त्याला पकड फार कमी असते. रेल्वेच्या जगात ही चढण अतिशय तीव्र गणली जाते.

कोळशाच्या एका रेकमध्ये साधारण अठ्ठावन्न वॅगन असतात. रेक म्हणजे एकत्र जोडून एका फटक्यात पाठवलेली पूर्ण मालगाडी. तिच्यात सुमारे ३,८०० टन माल मावतो. वॅगनचं स्वतःचं वजन धरलं की गाडी ५,००० टनांच्या पुढे जाते. आता ५,०००ला ३७ने भागा, १३५ येतात. म्हणजे गाडी पुढे नेणं सोडाच, ती नुसती मागे घसरू नये म्हणून सुमारे १३५ टनांचा जोर सतत लावावा लागतो. त्यावर इंजिनांचं स्वतःचं वजन, वळणांचं घर्षण आणि पावसात ओला झालेला रूळ. एक ताकदवान इंजिन सलग चढणीवर चाळीसएक टनांचा जोर लावतं. म्हणून कुळेच्या यार्डात एका गाडीला चार-पाच इंजिनं लागलेली दिसतात.

ती सगळी पुढे लावत नाहीत, यालाही कारण आहे. सगळा ओढा पुढून दिला तर दोन वॅगनमधली कपलिंग तुटेल. मग काही इंजिनं पुढून ओढतात, काही मागून ढकलतात. मागच्यांना 'बँकर' म्हणतात. पुढचा आणि मागचा लोको पायलट एकमेकांना दिसत नाहीत, तरी दोघांना एकाच लयीत गाडी चढवावी लागते. मी लहानपणी कुळेला मावशीकडे जायचो तेव्हा हे बँकर लागताना बघत उभा राहायचो. इतक्या जोराच्या यंत्रांना इतक्या सावकाश, जपून चालावं लागतं हे तेव्हापासून मनात बसलं आहे.

गाडी वर पोचली की बँकरचं काम संपतं, पण त्याला पुढच्या गाडीसाठी खाली यावं लागतं. खाली येतानाही तो तीच एकेरी लाईन वापरतो. घाटात वेगाची मर्यादा ताशी ३० किलोमीटरच्या आसपास. उतरणाऱ्या गाडीला ब्रेक सांभाळत, दबकत यावं लागतं. समोरून गाडी येत असेल तर सोनावळी, दूधसागर किंवा कारंझोळ इथल्या बाजूच्या रुळावर थांबायचं आणि ती गेल्यावर निघायचं. यालाच 'क्रॉसिंग' म्हणतात. दूधसागरला आपली पॅसेंजर गाडी उगाच उभी राहिली म्हणून वैतागतो, तेव्हा बहुतेक वेळा समोरून कुणीतरी येत असतं.

हिशेब आणखी पुढे नेऊ. कोळशाची एक मध्यम मोठी बोट साधारण ७०,००० टन माल आणते. ३,८००ने भागलं तर अठरा ते एकोणीस रेक झाले. प्रत्येक भरलेला रेक वर गेला की एक रिकामा रेक खाली यायला हवा, नाहीतर पुढचा माल भरणार कशात? म्हणजे एका बोटीपायी घाटात छत्तीस-अडतीस खेपा, त्यात बँकरच्या परतीच्या खेपा वेगळ्या, प्रवासी गाड्या वेगळ्या. बंदरात कितीही मोठा धक्का बांधला तरी घाट जेवढं पचवतो तेवढाच माल या वाटेने वर जाणार.

यातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हा घाट बांधला तेव्हा मुख्य ओझं खाली यायचं होतं. दख्खनचा कापूस, शेंगदाणा, नंतर खनिज. भरलेली गाडी उतरायची आणि हलकी गाडी चढायची. उतरताना ब्रेकची काळजी असते, पण वजन वर चढवायची शक्ती लागत नाही. २०००च्या दशकात चीनची मागणी वाढली तेव्हा बळ्ळारी-होस्पेटचं लोहखनिज रेकमागून रेक भरून मुरगावला उतरत होतं. कोळसा वर जात होता आणि खनिज खाली येत होतं. वॅगनना दोन्ही बाजूंनी काम होतं.

मग जुलै २०१०मध्ये कर्नाटक सरकारने निर्यातीच्या खनिजाची वाहतूक रोखली. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने बळ्ळारीतलं खाणकामच थांबवलं. खाली येणारा माल एका झटक्यात संपला आणि वर जाणारा कोळसा राहिला. ओझ्याची दिशाच पालटली. आज भरलेल्या गाड्या चढतात आणि उतरणाऱ्यांपैकी बऱ्याच रिकाम्या असतात. निर्यातीसाठी काही पोलाद खाली येतं, पण वर जाणाऱ्या कोळशाच्या मानाने ते थोडं. जी वाट उतरत्या ओझ्यासाठी बरी होती, तिच्यावर आता चढतं ओझं लादलं आहे. घाटात दुसरा रूळ हवा ही मागणी यातूनच आली. मे २०२२मध्ये न्यायालयाने कर्नाटकातल्या खनिजाच्या निर्यातीवरची बंदी उठवली खरी, पण तोवर तिथल्या पोलाद कारखान्यांची स्वतःची भूक इतकी वाढली होती की जुने दिवस परतले नाहीत.

काकांचा प्रश्न आपल्या खाणींचा होता, तर तेही सांगतो. सप्टेंबर २०१२मध्ये गोव्यातलं खाणकाम थांबलं. एप्रिल २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली. फेब्रुवारी २०१८मध्ये त्याच न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं ठप्प झालं. डिसेंबर २०२२पासून नवे लिलाव सुरू झाले. आपल्या सावर्डे-कुडचडे भागात बऱ्याच लोकांना वाटतं, खाणी चालू झाल्या की रेल्वेलाही काम मिळेल. तसं होईलच असं नाही. गोव्याचं खनिज मुख्यतः नदीने जातं. खाणीवरून ट्रकने जेटीवर, जेटीवरून बार्जने मांडवी किंवा जुवारीतून बंदरात. सर्वाधिक निर्यातीच्या काळात, २०१०-११च्या सुमाराला, वर्षाला पाच कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेलं, तेही मुख्यतः बार्जमधूनच. पन्नास-साठ किलोमीटरच्या अंतरासाठी रेल्वे परवडत नाही, कारण भरणं-उतरवणं यातच खर्च जातो. रेल्वेची खरी कमाई लांबच्या पल्ल्यात असते. तेव्हा खाणी आल्या तर काकांच्या मुलाच्या ट्रकला काम मिळेल, मालगाडीला नाही.

राहिला कोळसा. तो लागतो कशाला, आणि इथूनच का?

लोहखनिजातून लोखंड काढायला भट्टीत कोक लागतो, आणि कोक होतो एका खास जातीच्या कोळशापासून. हा कोकिंग कोळसा आपल्या देशात चांगल्या प्रतीचा पुरेसा मिळत नाही. म्हणून तो बोटीने येतो, मोठा वाटा ऑस्ट्रेलियाचा. मोठ्या भट्टीत एक टन पोलाद करायला पाऊण टनाच्या आसपास कोकिंग कोळसा लागतो. होस्पेटजवळ तोरणगल्लूला जेएसडब्ल्यूचा प्रचंड पोलाद कारखाना आहे आणि त्याला पश्चिम किनाऱ्यावरचं जवळचं मोठं बंदर मुरगाव. बंदरात त्याच समूहाचे दोन धक्के आहेत, पाच-अ आणि सहा-अ. सातव्या धक्क्यावर अदानींचं टर्मिनल आहे. कारखान्याला पूर्व किनाऱ्यावरूनही माल आणता येतो आणि तो आणलाही जातो. म्हणजे इथली वाट महाग किंवा अवघड झाली तर कोळसा दुसरीकडे वळू शकतो, आणि सोपी झाली तर इथे आणखी येऊ शकतो. ठरवणार तोरणगल्लू. चांदरला त्यात मत नाही.

वास्कोत कोळशाच्या भुकटीचा त्रास वर्षानुवर्षांचा आहे. गॅलरीत वाळत घातलेले कपडे, जेवणाच्या टेबलावर फिरवलेला हात, कुठेही बघा. 'गोंयांत कोळसो नाका' (गोव्यात कोळसा नको) ही चळवळ त्यातूनच उभी राहिली. मग रूळ दुपदरी करण्याचं काम गावागावात पोचलं तसा विरोधही लाईनीच्या कडेकडेने पसरला, वेळसांवपासून चांदरपर्यंत. १ नोव्हेंबर २०२०च्या रात्री चांदरला लोक मेणबत्त्या घेऊन रुळांवर बसले, ते पहाटेपर्यंत. माझी आतेबहीणही त्यात होती. आयुष्यात कधी मोर्चात न गेलेली बाई. तिला कोळशाचं राजकारण ठाऊक नव्हतं. घराच्या मातीच्या भिंती आणखी किती हादरे सोसतील एवढंच तिला कळत होतं, आणि ते तिला बरोबर कळत होतं.

होस्पेट–तिनईघाट–वास्को हा दुपदरीकरणाचा प्रकल्प २०१०-११चा. रेल विकास निगम, म्हणजे आरव्हीएनएल, ही रेल्वेची कंपनी तो करते. गोव्यात त्याचे दोन भाग समजा. एक कुळेपासून खाली वास्कोपर्यंतचा, गावांतून जाणारा. दुसरा कुळे ते कॅसल रॉक घाटाचा, जंगलातून जाणारा. ते जंगल म्हणजे भगवान महावीर अभयारण्य आणि त्यातलं मोले राष्ट्रीय उद्यान. पलीकडे त्याला लागूनच कर्नाटकातला काळी व्याघ्र प्रकल्प. वाघाला सरहद्दीची पाटी वाचता येत नाही, त्याच्यासाठी हे एकच रान आहे.

या रानातून तीन प्रकल्प एकाच वेळी पुढे आले. रेल्वेचा दुसरा रूळ, अनमोड घाटातला रस्ता रुंद करणं आणि उच्च दाबाची वीजवाहिनी. राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने रेल्वेला डिसेंबर २०१९मध्ये संमती दिली. गोव्यातली तरुण मुलं, शास्त्रज्ञ, चित्रकार, वकील 'आमचें मोलें' म्हणत उभे राहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने जागेवर जाऊन पाहणी केली आणि एप्रिल २०२१च्या अहवालात म्हटलं की हा दुसरा रूळ नाजूक परिसंस्था उद्ध्वस्त करेल आणि बदल्यात रेल्वेच्या जाळ्यातल्या सर्वांत अकार्यक्षम टप्प्याची क्षमता फक्त किंचित वाढेल. ९ मे २०२२ला न्यायालयाने ते मान्य करून घाटासाठीची वन्यजीव मंडळाची संमती रद्द केली.

इथे दोन गैरसमज सर्रास ऐकू येतात. पहिला, सर्वोच्च न्यायालयाने डबल ट्रॅकिंग बंद केलं. नाही. निकाल कॅसल रॉक ते कुळे या टप्प्यापुरता आहे. खालच्या गावांतलं काम त्या निकालाने थांबलं नाही आणि काही टप्प्यांत दुसरा रूळ पडलाही. दुसरा गैरसमज, घाटाचा विषय आता कायमचा मिटला. तोही नाही. जैवविविधतेवर काय परिणाम होईल याचा सविस्तर अभ्यास करून आरव्हीएनएल नव्याने प्रस्ताव आणू शकते, अशी मोकळीक निकालातच आहे. दार लोटलेलं आहे, कडी घातलेली नाही.

मग खाली दोन रूळ आणि घाटात एक, याने काय होईल? नरसाळ्याचा वरचा घेर कितीही मोठा केला तरी खालच्या नळीतून जायचं तेवढंच तेल जातं. खालच्या दुपदरीने गाड्यांना एकमेकींसाठी थांबावं लागणार नाही, प्रवासी गाड्यांची वेळ सुधारेल, भरलेले रेक कुळेच्या आसपास येऊन रांगेत उभे राहू शकतील. पण घाटातून चढणारा कोळसा त्यामुळे फारसा वाढणार नाही. म्हणून चांदरच्या माणसांनी आपल्या दारातल्या रुळाइतकंच लक्ष घाटाच्या फायलीवर ठेवलं पाहिजे. तिथला रूळ दुपदरी झाला की नरसाळ्याची नळी रुंद झाली.

रेल्वेची बाजूही मांडायला हवी. एकेरी लाईनवर अपघात झाला की सगळं थांबतं. जुलै २०२१मध्ये दूधसागर-सोनावळीदरम्यान दरड कोसळून प्रवासी गाडी रुळांवरून घसरली. ऑगस्ट २०२४मध्ये त्याच भागात कोळशाच्या मालगाडीचे सतरा वॅगन रुळांवरून उतरले आणि लाईन काही दिवस बंद राहिली. दुसरा रूळ असता तर एक चालू ठेवता आला असता, असं म्हणतात. मला हे पटत नाही. दुसरा रूळ पहिल्याच्या बाजूला, त्याच डोंगराच्या त्याच उतारावर पडणार. तो टाकायला डोंगर आणखी कापावा लागणार. दरड आली तर ती एक रूळ बघून दुसरा सोडणार नाही. शिवाय दुसऱ्या रुळाची चढणही तशीच असेल तर त्याच्यावरही चार-पाच इंजिनं लागणारच. गाड्यांची संख्या वाढेल, पण गाडी चढवणं एका पैशाने स्वस्त होणार नाही. चढण सौम्य करायची तर वाट लांबवावी लागेल, म्हणजे आणखी बोगदे किंवा आणखी रान.

भवितव्यात आणखी एक पात्र आलं आहे आणि गोव्यात त्याची चर्चा फार कमी होते. उत्तर कन्नडात अंकोल्याजवळ केणी इथे नवीन बंदर बांधण्याचं काम २०२३मध्ये जेएसडब्ल्यू समूहाच्याच कंपनीला मिळालं. तिथल्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. बंदर झालं तरी तिथून घाट चढणारी रेल्वे आज नाही. हुबळी–अंकोला लाईनची मागणी कित्येक दशकांची आहे आणि तीही जंगलापायीच अडकलेली आहे. पण समजा उद्या ती दोन्ही कामं झाली, तर तोरणगल्लूच्या कोळशाला मुरगावची गरज किती उरेल? आज ज्याच्यासाठी मोलेचं रान कापायला निघाले होते, तो माल उद्या इथून उठून जाऊ शकतो. १९५५ला गेला, २०१०ला गेला. तेव्हा मागे रिकामे रूळ उरले. रान कापल्यावर गेला तर रिकामे रूळ आणि उजाड डोंगर दोन्ही उरतील. केणीच्या मच्छीमाराचं दुःख आपल्या पदरातून काढून त्याच्या पदरात टाकावं, असं मी मुळीच म्हणत नाही. एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर दीडशे वर्षांचा निर्णय घेऊ नये, एवढंच म्हणतो.

कोळसा नको तर मालगाडीच नको का? माझं मत वेगळं आहे. ट्रकपेक्षा रेल्वे टनामागे कितीतरी कमी डिझेल जाळते आणि घाटातल्या अपघातांतून माणसं वाचवते. प्रश्न माल कुठला हा आहे. सांकवाळच्या कारखान्याचं खत रेल्वेने बाहेर जातं, ते कुणाला खुपत नाही. आपल्या ताटातली भाजी बेळगावहून येते, ती मात्र ट्रकने, चोर्ला घाटातून. बेळगाव–लोंढा–कुळे–मडगाव अशी रेल्वे डोळ्यांसमोर असताना असं का? कारण रेल्वे मालगाडी पूर्ण रेकने विचार करते. अडीच-तीन हजार टन एकदम आणा, मग बोला. भाजीवाल्याकडे दहा टन असतात. त्याला लागते प्रवासी गाडीला जोडलेली पार्सल व्हॅन, ठरलेल्या वेळी निघणारी, आणि मडगावला पहाटे उतरवून घ्यायची सोय. कोकण रेल्वेने १९९९मध्ये कोलाड ते वेर्णे भरलेले ट्रकच वॅगनवर चढवून न्यायला सुरुवात केली, तीच रोरो सेवा. आपल्या घाटातल्या बोगद्यांतून ट्रक लादलेला वॅगन जाईल का, चढणीवर परवडेल का, हे मोजून बघावं लागेल. पण कोळशासाठी डोंगर मोजले गेले. कोबी-टोमॅटोसाठी कुणी टेप धरली का, हे मला रेल्वेला विचारायचं आहे. असा दहा प्रकारचा थोडा थोडा माल असला तर एक बंद पडल्यावर लाईन ओस पडत नाही, आणि त्यासाठी घाटात दुसरा रूळही लागत नाही.

तर काकांना उत्तर असं, की पहिल्यासारखे खनिजाचे रेक परत येण्याची चिन्हं नाहीत. गोव्याचं खनिज निघालं तरी ते नदीने जाईल. आणि बहिणीला असं, की घाट एकेरी आहे तोवर कोळसा आहे त्याच्या आसपासच राहील. घाटाचा नवा प्रस्ताव आला की मात्र सगळं बदलू शकतं. तो आला तर त्यात तीन गोष्टी बघायच्या. चढण किती धरली आहे, वर कुठला माल किती जाईल असं लिहिलं आहे, आणि खाली येणारी गाडी भरलेली असेल की रिकामी. प्रस्तावातले आकडे बंदराचे असतात. गावाकडे स्वतःचे आकडे असले तर सुनावणीत बोलता येतं.

हे तिला फोनवर सांगितलं. तिने आता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज खुणा करायला घेतल्या आहेत. घाटाकडे जाणारी भरलेली गाडी असेल तर उभी रेघ, बंदराकडे परतणारी रिकामी असेल तर आडवी. रात्रीच्या गाड्या तिचे सासरे मोजतात, त्यांना तशीही झोप लागत नाही.